राजूरहून खाली : सात संस्कारांची वाट

राजूरहून निघताना फडक्यात नागलीच्या दोन-चार भाकरी, कांदा आणि चटणी बांधून घ्या. चार दिवसांची पायपीट आहे. साल 1879. दुष्काळ सरला असं म्हणतात, पण वाटेत विकत काही मिळेलच अशी खात्री नाही.

डांगाणातून उतरताना प्रवरा कधी जवळ येते, कधी दूर जाते. अकोले मागे पडतं, मग संगमनेर. पुढे डोंगर संपतात आणि सपाट काळं रान लागतं. 1876 ते 78 या सालांनी या रानाची दशा करून टाकली आहे. विहिरींचे तळ दिसतात, गोठे रिकामे आहेत. दुष्काळी कामावरच्या मजुरांनी भराव घातलेला दौंड–मनमाड लोहमार्ग गेल्याच वर्षी सुरू झाला. राहुरीजवळ रूळ ओलांडताना पाय जरा थबकतात.

या वाटेवर गावांबरोबर सालंही मागे पडत जाणार आहेत. पहिला मुक्काम 1879 मध्ये, शेवटचा तुमच्या स्वतःच्या काळाजवळ. कॅथलिक माणसाच्या आयुष्यात सात संस्कार असतात : स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. पुस्तकात ही यादी दोन ओळींत आटपते. पण हे संस्कार म्हणजे हातांनी करायच्या क्रिया आहेत. त्यांत पाणी आहे, तेल आहे, भाकर आहे, एका माणसाचा हात दुसऱ्याच्या अंगावर टेकणं आहे. ज्या रानात माणसाचा हात माणसाला लागणं हाच गुन्हा मानला जात होता, तिथे ते पाहिले की सातही संस्कार चटकन उमगतात. म्हणून तुम्हाला इथे आणलं.

केंदळ, 1879

राहुरी तालुक्यातलं केंदळ. गाव एकीकडे, महारवाडा दुसरीकडे. पाणवठाही वेगळा. गेल्या साली, 1878 मध्ये, फादर ओटो वाइसहाउप्ट हे जर्मन धर्मगुरू इथे आले. ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट. गोव्यात आणि वसईत कॅथलिक धर्म पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकातच रुजला. फादर स्टीफन्स यांनी तिकडे 1616 मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापलं. नगरच्या या मैदानात मात्र हा धर्म यायला आणखी अडीचशेहून जास्त वर्षं लागली, आणि आला तो राजसत्तेच्या जोरावर नव्हे, वस्तीवस्तीतून.

तुम्ही अंगणाच्या कडेला उभे राहा. समोर माणसं रांगेनं उभी आहेत. काही जण दुष्काळात मिळालेल्या धान्यामुळे मिशनकडे वळले, काही पोरांच्या शाळेसाठी, काही माणूस म्हणून कुणीतरी दारात उभं करतं म्हणून. या तिन्ही कारणांत लाजण्यासारखं काही नाही. भुकेल्या माणसाला भाकर आणि मान एकाच दारात मिळाला, तर त्यातलं कुठलं कारण खरं हे त्याला विचारायचा हक्क पोट भरलेल्या माणसाला नाही.

रांगेतली मोठी माणसं एकदम इथवर आलेली नाहीत. कित्येक महिने त्यांनी प्रार्थना आणि धर्माची शिकवण पाठ केली. त्या काळातल्या माणसाला दीक्षार्थी म्हणतात. प्रत्येकाच्या मागे एक जण उभा आहे. तो धर्मपिता किंवा धर्ममाता. पुढे या माणसाची श्रद्धा डळमळली तर आधार द्यायची जबाबदारी त्याची.

आता जवळून पाहा. फादर चिमूटभर मीठ एका माणसाच्या जिभेवर ठेवतात. मग स्वतःचा अंगठा थुंकीनं ओला करून त्याच्या कानांना आणि नाकाला लावतात. येशूनं एका बहिऱ्या माणसाला असाच स्पर्श केला होता, त्याची ही आठवण. छातीवर आणि पाठीवर तेल. आणि मग पाणी. डोक्यावर तीनदा धार सोडली जाते, आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं स्नान घातल्याचे शब्द लॅटिनमध्ये उच्चारले जातात. शेवटी माथ्यावर सुगंधी तेल, अंगावर पांढरं वस्त्र, हातात पेटती मेणबत्ती.

तुमच्या शेजारच्या म्हातारीचे डोळे त्या अंगठ्यावर खिळले आहेत. तिच्या उभ्या आयुष्यात वस्तीबाहेरच्या कुणी तिच्या माणसाच्या अंगाला आपण होऊन हात लावला नव्हता. इथे परक्या मुलखातला माणूस आपली थुंकी त्याच्या कानाला लावतो आहे, आणि नंतर अंघोळीला जात नाही.

हा स्नानसंस्कार. बाकी सगळ्या संस्कारांचं दार हेच. कॅथलिक शिकवणीप्रमाणे संस्कार म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण, आणि त्या खुणेतून देव न दिसणारी कृपा देतो. पाणी धुतं आणि जगवतं, म्हणून ते या कृपेची खूण. कृपा म्हणजे देवानं आपण होऊन दिलेलं स्वतःचं जीवन. ती मजुरी नव्हे, म्हणून कमावता येत नाही. देणारा धर्मगुरू स्वतः किती चांगला, यावरही ती अवलंबून नाही, कारण खरा देणारा ख्रिस्त मानला जातो. प्रत्येक संस्कारात तीन गोष्टी शोधा म्हणजे गोंधळ होणार नाही : वापरायची वस्तू किंवा कृती कोणती, शब्द कोणते, आणि तो द्यायचा कुणी.

स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच होतो. तो आत्म्यावर न पुसणारा ठसा उमटवतो असं मानतात. दृढीकरण आणि गुरुदीक्षा यांचंही तसंच. माणूस चर्चपासून कितीही दूर गेला तरी परत आल्यावर त्याच्या डोक्यावर पुन्हा पाणी घालत नाहीत.

मिशनचं गाव, 1911

बत्तीस वर्षं ओलांडा. राहुरी तालुक्यात आता अशी बरीच गावं झाली आहेत. पुण्याला 1886 पासून स्वतःचा धर्मप्रांत आहे, म्हणजे एका महागुरूच्या अखत्यारीतला प्रदेश. इंग्रजीत ज्यांना बिशप म्हणतात ते महागुरू. धर्मप्रांताचे लहान भाग म्हणजे धर्मग्राम, आणि तिथले धर्मगुरू म्हणजे लोकांचे फादर. पण फादर महिन्यातून एखाद्या वेळी घोड्यावर येतात. रोजची प्रार्थना, पोरांची शिकवण, आजाऱ्याची विचारपूस हे सगळं मास्तर बघतात. धर्मशिक्षकाला इथे सगळे मास्तरच म्हणतात. नगरच्या ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहिल्या त्या या मास्तरांच्या पायांवर, हे इतिहासात फार कमी लिहिलं गेलं.

शनिवारची संध्याकाळ. फादर लिंबाखाली खुर्ची टाकून, गळ्यात जांभळी पट्टी घालून बसले आहेत. एकेक जण बाजूला गुडघे टेकतो आणि हळू आवाजात बोलतो. रांगेत सात-आठ वर्षांची पोरंही आहेत. पोप दहावे पायस यांनी गेल्याच वर्षी ठरवून दिलं की, समज येण्याच्या वयात, साधारण सातव्या वर्षी, मुलांना ख्रिस्तप्रसाद द्यावा. त्याआधी मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंतही थांबावं लागे.

हा प्रायश्चित्त संस्कार. त्याची पाच पावलं मास्तरांनी पोरांकडून घोकून घेतली आहेत : आपल्या वागण्याची आठवण करायची, मनापासून वाईट वाटून घ्यायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, पाप धर्मगुरूला सांगायचं आणि त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त करायचं. सांगणं म्हणजे पापनिवेदन. त्यावर धर्मगुरू देवाच्या नावानं क्षमेचे शब्द उच्चारतात, ते पापमोचन. चोरी केली असेल तर माल परत करावा लागतो. कुणाची अब्रू घालवली असेल तर ती भरून काढावी लागते. नुसतं "चुकलं" म्हणून सुटका होत नाही.

या खुर्चीत ऐकलेलं धर्मगुरू कधीही, कुणालाही सांगू शकत नाहीत. पाटलाला नाही, फौजदाराला नाही, जीव जात असला तरी नाही. हा नियम मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्च अतिशय कडक शिक्षा करतं. ज्या माणसाचा शब्द गावच्या चावडीवर कधी धरला गेला नाही, त्याचा शब्द इथे एक शिकलेला माणूस कान देऊन ऐकतो आणि मरेपर्यंत जपतो. त्या खुर्चीपाशी तुम्ही जरा लांबच उभे राहा. ते बोलणं तुमच्यासाठी नाही.

रविवारी पहाट होते. मध्यरात्रीपासून कुणी काही खाल्लेलं नाही, पाण्याचा घोटही घेतलेला नाही. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर तसा नियमच आहे. वेदीवर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, क्रूस. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे राहतात आणि लॅटिनमध्ये मिस्सा सुरू होतो. शब्द कळत नाहीत, पण माणसं जपमाळेचे मणी ओढत कान एका घंटेकडे लावून बसली आहेत.

घंटा वाजते. फादर गव्हाची पातळ, बिनखमिराची गोल भाकर डोक्यावर उंच धरतात. येशूनं अखेरच्या भोजनात शिष्यांना दिलेले शब्द आत्ताच उच्चारले गेले. कॅथलिक श्रद्धा अशी की, या क्षणी भाकर आणि द्राक्षारस यांचं रूप, रंग, चव तशीच राहते, पण ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं. त्याची आठवण किंवा प्रतीक एवढंच नाही, तो स्वतः. म्हणून उरलेला प्रसाद वेदीजवळच्या कुलूपबंद पेटीत ठेवतात आणि शेजारी दिवा तेवत ठेवतात. मिस्सा म्हणजे येशूचं क्रुसावरचं बलिदान वेदीवर पुन्हा समोर येणं, आणि त्याच बलिदानाचं भोजनही.

पोरं ओळीनं गुडघे टेकतात. फादर एकेकाच्या जिभेवर प्रसाद ठेवत पुढे सरकतात. तुम्ही त्यांच्या बोटांकडे बघा. 1911 सालच्या नगर जिल्ह्यात ही बोटं कुणाच्या जिभेजवळ जात आहेत? याच पोरांना गावात पाणी वरून ओंजळीत ओततात. इथे ती गावच्या कुठल्याही पंगतीपेक्षा मोठ्या पंगतीला बसली आहेत. रोममध्ये, म्युनिकमध्ये, मुंबईत आज सकाळी हाच प्रसाद दिला गेला असेल. ते त्यांना मास्तरांनी सांगितलं आहे आणि ते त्यांना खरं वाटतं.

नगर शहरात याच काळात कवी ना. वा. टिळक राहतात. मराठी वाचकाला ख्रिस्ती म्हटलं की तेच आठवतात. पण टिळक अमेरिकन मिशनचे, प्रॉटेस्टंट. प्रॉटेस्टंट पंथ बहुतेक करून दोनच संस्कार मानतात, बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार, आणि प्रभुभोजन, कारण त्या दोहोंचीच आज्ञा येशूनं स्पष्ट दिली असं ते सांगतात. कॅथलिक चर्चनं सातचा आकडा युरोपातल्या धर्मसुधारणेच्या वादळात, 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत पक्का केला. सातांची गणती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती.

अधूनमधून महागुरूंचा दौरा असतो. त्या दिवशी दृढीकरण. स्नानसंस्कारात लहानग्यांच्या वतीनं धर्ममातापित्यांनी उत्तरं दिली होती. आता ती श्रद्धा पोरांच्या स्वतःच्या अंगात मुरावी, पवित्र आत्म्याचं बळ मिळावं, म्हणून हा संस्कार. महागुरू पोराच्या डोक्यावर हात ठेवतात, कपाळावर तेलानं क्रूस काढतात. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी राळ मिसळलेलं हे तेल पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी महागुरूच आशीर्वादित करतात. मग ते पोराच्या गालावर हलकीशी चापट मारतात. श्रद्धेपायी मार खावा लागला तरी डगमगू नकोस, असा त्याचा अर्थ सांगतात. 1971 नंतरच्या विधीत ती उरली नाही. या वस्तीतल्या पोरांना मार कशाला म्हणतात हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्यासाठी नवं होतं ते त्याआधीचं : एवढ्या मोठ्या माणसाचा हात डोक्यावर शांतपणे टेकणं.

लग्नघर, 1916

महायुद्ध चालू आहे. जर्मन म्हणजे शत्रू. सरकारनं जर्मन धर्मगुरूंना मिशनमधून हलवलं आहे, आणि नगरच्या छावणीत जर्मन माणसं तारेच्या कुंपणाआड आहेत. जवळजवळ चाळीस वर्षं ज्यांच्या जिवावर हे मिशन चाललं ते गेले. पुढे स्वित्झर्लंडहून येशूसंघाची माणसं येतील, पण आज धर्मगुरू मिळणं मुश्किल.

घरात हळद चालू आहे. जात्यावरच्या ओव्या, तेलाचा वास, अंगणात मांडव. या गोष्टी चर्चनं काढून घेतल्या नाहीत आणि लोकांनी सोडल्या नाहीत. गेले तीन रविवार प्रार्थनेनंतर मास्तरांनी वधूवरांची नावं पुकारली. लग्नाला आड येणारं काही कुणाला ठाऊक असेल तर सांगा, असं विचारलं.

सकाळी दोघं उभी राहतात. आधी नवऱ्याला विचारतात. मग मुलीला विचारतात : तू स्वखुशीनं याला पती म्हणून स्वीकारतेस का? सगळे तिच्या तोंडाकडे बघतात. ती "हो" म्हणेपर्यंत लग्न झालेलं नसतं. भीतीपोटी, जबरदस्तीनं दिलेला होकार चर्चच्या कायद्यात होकारच धरला जात नाही. 1916 साली या रानात मुलीच्या तोंडून मोठ्यांदा निघालेला हा शब्द लग्नाचा कणा आहे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाकीचे संस्कार एरवी धर्मगुरू किंवा महागुरू देतात. विवाहसंस्कार वधूवर एकमेकांना देतात. धर्मगुरू चर्चच्या वतीनं साक्षीला असतात आणि आशीर्वाद देतात. म्हणूनच 1908 पासून लागू झालेल्या नियमात एक सोय ठेवली आहे : महिना उलटला तरी धर्मगुरू मिळण्यासारखे नसतील, तर दोन साक्षीदारांसमोर दिलेला-घेतलेला होकारही पुरा. आणि एकदा हा संस्कार झाला की तो मरेपर्यंतचा. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही.

तीच वस्ती, ऑक्टोबर 1918

या मुक्कामाला मन घट्ट करून या. पाऊस पडलेला नाही आणि मुंबईकडून तापाची साथ आली आहे. जगभर तिला स्पॅनिश फ्लू म्हणतात. घराघरात माणसं आडवी झाली आहेत.

एका झोपडीत फादर आत्ताच पोहोचले आहेत. दोन गावं करून आले, तिसरं अजून बाकी आहे. खाटेवर तिशीचा माणूस. फादर अंगठा तेलात बुडवतात आणि त्याच्या मिटल्या पापण्यांवर क्रूस काढतात. मग कानांवर, नाकावर, ओठांवर, तळहातांवर, तळपायांवर. ज्या ज्या इंद्रियानं चूक झाली त्याची क्षमा मागत. तापानं फणफणलेल्या अंगाला आज घरचे सोडून कुणी शिवायला धजत नाही. फादर तळपायाला हात लावतात.

हा रुग्णाभ्यंग. त्या काळी तो मरणाच्या दारात देत, म्हणून लोक फादर आले की घाबरत. 1972 मध्ये चर्चनं त्याचा मूळ अर्थ पुन्हा पुढे आणला : हा आजाऱ्यांचा संस्कार आहे, मरणाऱ्यांचा नव्हे. आता कपाळावर आणि हातांवर तेल लावतात, ऑलिव्हचं नसेल तर दुसरं वनस्पतीचं तेल चालतं, आणि गंभीर आजारात किंवा म्हातारपणात तो पुन्हापुन्हाही घेता येतो. मरणाऱ्याला देतात तो शेवटचा ख्रिस्तप्रसाद, वाटेची शिदोरी म्हणून.

फादर पुढच्या गावाला निघून जातात. तेवढ्यात शेजारच्या खोपटातून हाक येते. रात्री जन्मलेलं बाळ निळं पडत चाललं आहे. मास्तर स्वतः तापात बेशुद्ध आहेत. बाळाची आजी दारात येते, आणि उभं राहू शकणारं तिथे कुणी असेल तर ते तुम्ही.

तुम्ही ख्रिस्ती नसाल. तरी ती तुमच्या हातात पाण्याचा तांब्या देते. तिला मास्तरांनी शिकवलं आहे ते बरोबर आहे : जीव जात असेल तेव्हा कुणीही माणूस, कुठल्याही धर्माचा, स्नानसंस्कार देऊ शकतो. चर्चला जे अभिप्रेत आहे ते करायची इच्छा हवी, पाणी हवं, आणि ते थोडे शब्द हवेत. आजी शब्द सांगते. तुम्ही तळहातात पाणी घेता. बाळाचं डोकं तुमच्या पंजाहून लहान आहे. पाणी ओतता, शब्द म्हणता. बोटांना टाळू लागते, ती अजून धडधडते आहे.

चर्चनं आपलं सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात गरजेचं दार परक्याच्या हातानंही उघडेल असं ठेवलं आहे. ख्रिस्ती नसतानाही तुम्ही स्वतः देऊ शकता असा सातांपैकी हा एकच.

हरेगाव, 1949

आता एकदा मागे वळून राजूरच्या अंगाला बघा. 1910 साली तुमच्याच डोंगरात, भंडारदऱ्याला, धरणाचं काम सुरू झालं आणि 1926 मध्ये ते पुरं झालं. राजूरच्या वरचं पाणी कालव्यांनी खाली मैदानात आलं. दुष्काळी रानात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना धुराडं सोडू लागला आणि कामाला गावोगावची माणसं आली. त्यांत ख्रिस्ती वस्त्यांमधलीही होती.

1949 पासून इथे सप्टेंबरात, येशूची आई मरिया हिच्या जन्मदिवसाच्या, म्हणजे 8 सप्टेंबरच्या सुमाराला, मतमाउलीची, म्हणजे मरियेचीच, यात्रा भरते. बैलगाड्या, पाळणे, भेळ, रेवड्या. नवस फेडायला आलेल्या बाया मेणबत्त्या लावतात. गर्दीत ख्रिस्तीच आहेत असं नाही. मरियेला माउली म्हणायला वारकऱ्यांच्या मुलखात कुणाला शिकवावं लागलं नाही.

पण गल्लत करू नका. यात्रा, नवस, मूर्ती, जपमाळ, पवित्र पाणी, भस्म बुधवारी कपाळाला लावलेली राख, यांतला एकही संस्कार नाही. यातल्या आशीर्वादित वस्तूंना आणि विधींना उपसंस्कार म्हणतात. ते मन तयार करतात, श्रद्धेला वाट देतात. संस्कारात मात्र ख्रिस्त स्वतः कृती करतो असं चर्च मानतं. यात्रेत मोठा कार्यक्रम असतो तो मिस्साच, आणि मैदानाच्या कडेला पापनिवेदनासाठी रांगा लागतात. मतमाउली माणसांना बोलावून आणते आणि वेदीपाशी सोडते.

सोळा-सतरा वर्षांनी याच मैदानात या, म्हणजे आणखी एक बदल दिसेल. चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनं 1963 मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला मोकळीक दिली. धर्मगुरू आता लोकांकडे तोंड करून उभे आहेत आणि मिस्सा मराठीत चालला आहे. पेटी, टाळ, ढोलकी. ज्यांच्या आज्यांनी साठ-सत्तर वर्षं लॅटिन ऐकत मणी ओढले, त्या नाती आता प्रत्येक वाक्याला उत्तर देतात. भजनाची चाल त्यांना आधीपासून येतच होती.

नाशिक, 1987

1987 मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला. नगर जिल्हा, म्हणजे तुमचं राजूर आणि केंदळ दोन्ही, आता नाशिकच्या महागुरूंकडे. पहिले महागुरू कोण, तर येशूसंघाचे थॉमस भालेराव. वाइसहाउप्टपासून भालेरावांपर्यंत एकशे नऊ वर्षं.

उरला तो गुरुदीक्षेचा संस्कार. त्याच्या तीन पायऱ्या : डीकन, धर्मगुरू, महागुरू. तो फक्त महागुरू देऊ शकतात, आणि कॅथलिक चर्च तो पुरुषांनाच देतं. एखाद्या धर्मगुरूच्या दीक्षेला मागच्या बाकावर बसा. वर्षानुवर्षं तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकून आलेला तरुण फरशीवर पालथा पडतो, कपाळ जमिनीला. वर सगळे उभे राहून संतांची नावं घेत विनवणी करतात. मग तो महागुरूंसमोर गुडघे टेकतो. महागुरू एक शब्दही न बोलता दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतात. त्यांच्यामागून हजर असलेला एकेक धर्मगुरू येतो आणि तसेच हात ठेवतो. देऊळ गच्च भरलेलं असूनही कुणी खोकत नाही.

हे हात ठेवणं प्रेषितांपासून आजवर खंड न पडता चालत आलं, असं चर्च मानतं. या महागुरूंच्या डोक्यावर दुसऱ्या महागुरूंनी हात ठेवले, त्यांच्यावर आणखी कुणी. मग तरुणाच्या तळहातांना तेल लावतात, कारण उद्यापासून याच हातांनी तो भाकर उचलणार, क्षमा देणार, आजाऱ्याच्या कपाळाला शिवणार. समोरच्या बाकावर त्याचे आईबाप बसले आहेत. विधी संपल्यावर आई पुढे होते, त्याच्यापुढे वाकते, आणि तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो.

आणि आज

वाट संपली. सातही पाहून झाले. पाणी, तेल, भाकर आणि द्राक्षारस, कबुली, होकार, डोक्यावरचे हात. यांतलं एकही घरात एकट्यानं, मनातल्या मनात उरकता येत नाही. प्रत्येक वेळी दुसरा माणूस लागतो. धर्मगुरूसुद्धा स्वतःला पापमोचन देऊ शकत नाही. त्यालाही दुसऱ्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकावे लागतात. कॅथलिक धर्मात देवाची कृपा माणसाच्या हातून माणसाच्या अंगावर येते, आणि नगरच्या मैदानात तिचं वजन इतकं जाणवलं ते यामुळेच.

पण या स्पर्शानं सगळं मिटलं असं सांगणं खोटं होईल. धर्म बदलला तरी गावानं जात विसरली नाही. चर्चच्या आतही ती पुरती विसरली गेली नाही. देशातल्या काही ख्रिस्ती देवळांमध्ये बसायच्या जागासुद्धा जातीवर ठरत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती बहुतांशी हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. ज्याच्या पणजोबाला पाणवठ्यावर जाऊ दिलं नाही, त्याला कागदावर आज अनुसूचित जातीचा धरत नाहीत, कारण त्या पणजोबानं डोक्यावर पाणी घेतलं.

म्हणून संस्कार समजून घ्यायचे तर देवळाच्या दारात थांबून चालत नाही. एका वेदीवरून ज्यांच्या जिभेवर एकच प्रसाद ठेवला जातो, त्यांनी बाहेर आल्यावर एकमेकांच्या घरी जेवायला हवं, सोयरीक जुळवायला हवी, एकमेकांच्या हक्कासाठी उभं राहायला हवं. चर्चची शिकवण कृपा फुकट मिळते असं सांगते, आणि त्याच शिकवणीत ती फळाला आली की नाही हे माणसाच्या वागण्यावरून ओळखतात. केंदळच्या त्या रांगेतल्या माणसांनी आपली बाजू पुरी केली. त्यांनी डोकं पुढे केलं, विश्वास ठेवला आणि पोरं शिकवली. त्यांच्या नातवंडांना बरोबरीचं माणूस म्हणून वागवणं हे आपलं काम अजून शिल्लक आहे, ख्रिस्ती असू किंवा नसू.